उशीर कागदावर हवा होता

जी गोष्ट आपल्याला मिळेल अशी आशाच तुम्ही कधी धरली नाही, ती मिळाली नाही याची तक्रार तुम्ही कुठे नोंदवता?

नीट विचार करून सांगा. मला हा प्रश्न एका छापील फॉर्मने शिकवला. त्याचं बरोबर उत्तर मला वेळेवर सुचलं नाही, म्हणून आज हे लिहितो आहे.

पुन्हा कार्तिक लागला आहे. साकोलीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हलका धान कापून झाला आहे. भारी धान अजून उभा आहे आणि त्याच्या बुडाशी ओल्या मातीत फेकलेली लाखोळी, लाखेच्या डाळीचं बी, नुकती उगवू लागली आहे. कापलेल्या धानाच्या ओल्या काडीला एक गोडसर, किंचित कुजकट वास असतो. बसच्या खिडकीतून तो आत आला की परगावचा माणूस छाती भरून घेतो. मी खिडकी लावून घेतो. या दिवसांत आमच्या भागात भरदुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना, एखाद्या अंगणात कुणीतरी वाकळ पांघरून भिंतीला टेकून बसलेलं दिसतं. दात वाजत असतात. शेजारीपाजारी कापणीला गेलेले असतात. ते माणूस उन्हाकडे तोंड करून बसतं, आणि तासाभराने तीच वाकळ फेकून पाणी मागतं. दिवाळीनंतरच्या मंडया म्हणजे गावजत्रा, रंगीत पताका, पाहुण्यांनी भरलेल्या बैलबंड्या, हे सगळं याच महिन्यात. हिवतापही याच महिन्यात. आमच्याकडे दोन्हींचा हंगाम एकच आहे आणि दोन्हींचं कुणाला नवल वाटत नाही.

ज्या हंगामाबद्दल सांगतो आहे त्याला काही वर्षं झाली. भंडाऱ्यात एका खात्याकडे तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. खात्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की दोष त्या एका पाटीवर ढकलून आपण सगळे मोकळे होतो. यंत्रासाठी एक वेगळा विभाग उघडला होता. बाहेरची पाटी लांबलचक होती, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला ‘थंडी खोली’ म्हणत. दाराशी चपला काढायच्या, आत गालिचा, खिडक्या बंद आणि भिंतीत घुमणारं थंडीचं मशीन. दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार घातला होता. तो वाळून कडक झाला तरी काढायची कुणाची हिंमत होत नव्हती, कारण हार काढताना काही तार हलली तर जबाबदार कोण?

त्या खोलीत गावोगावच्या रक्ताच्या काचांच्या याद्या छापल्या जात. ज्याला ताप येतो त्याच्या बोटाला टोचून काचेवर रक्ताचा ठिपका घेतात, आणि ती काच भंडाऱ्याला तपासायला जाते, हे तुम्हाला ठाऊक असेल. काच घेतानाच कडू गोळ्यांचा पहिला डोस देतात. पण खरा इलाज ठरतो निकालावर. साधा हिवताप असेल तर गोळ्या. मेंदूवर जाणारा असेल तर वेळ न घालवता दवाखाना. यंत्र येण्याआधी हे काम चिठ्ठीवर चालायचं. तपासणारा तंत्रज्ञ वहीत निकाल लिहायचा, ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांचे नंबर कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवायचा आणि ते चिटोरं एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. कंडक्टर तिकिटांच्या पेटीत ते ठेवायचा आणि फाट्यावर बस थांबली की चहाच्या टपरीवाल्याकडे टाकायचा. तिथून गावात. या पद्धतीला कुठलाच नियम नव्हता, कुणाची सही नव्हती, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिठ्ठी नर्सबाईच्या हातात पडायची.

साकोलीकडच्या भागात त्या हंगामापुरती चिठ्ठी बंद करण्यात आली. त्याऐवजी छापील यादी. स्वच्छ, ओळीत, दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदावर. हा प्रयोग चांगला ठरला तर सगळ्या जिल्ह्यात चिठ्ठी बंद व्हायची होती. आणि तो चांगला ठरला की नाही, हे मोजायला मला घेतलं होतं.

बी.ए. होऊन तुमसरला बसलो होतो. रोजगार कार्यालयातून पत्र आलं, तीन महिन्यांचं काम. थंड्या खोलीचे साहेब मोठ्या शहरात प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म पुढे ठेवला.

“सेवेचा दर्जा मोजता येतो,” ते म्हणाले. “लोकांना वाटतं फक्त धान मोजता येतो. हे बघा. डावीकडे, अशा विभागाकडून तुमची अपेक्षा काय. उजवीकडे, आमच्याकडून प्रत्यक्षात काय मिळालं. दोन्हीकडे एक ते सात. उजव्यातून डावं वजा करायचं. उणे आलं तर आम्ही नापास. शून्य किंवा अधिक आलं तर पास.”

साहेब वाईट माणूस नव्हते. आपल्याच विभागाला नापास करू शकेल असा कागद त्यांनी स्वतः आणला होता. असं करणारा अधिकारी मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.

आणि मला तो फॉर्म आवडला. फार आवडला. माझे बाबा तुमसरच्या राइस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या हौदावर होते. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मिलमध्ये जी भांडणं झाली, त्यांची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी असत. पातळ पिवळा कागद, शाई बोटाला लागणारी. अंकलिपीच्या आधी मी ती वाचली. ‘आम्हाला हवे काय आणि मिळाले काय’ अशी त्यांची रीत असे, वर मागणी आणि खाली वास्तव. साहेबांच्या फॉर्ममध्ये मला माझ्या घरातलं पत्रक दिसलं, फक्त आकड्यांत. मला वाटलं, ओरडून जे ऐकलं गेलं नाही ते वजाबाकी करून ऐकवता येईल. लोक खरं सांगतील, मी खरं लिहीन, उणे आकडा साहेबांच्या टेबलावर पडेल. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि खरं लिहिलं की झालं, असा माझा समज होता.

पहिल्याच आठवड्यात तो फॉर्म गावात कसा वागतो ते दिसलं.

एका उपकेंद्रात रामटेके नावाचे आरोग्य सेवक होते. पन्नाशीचे, सायकलवर फिरणारे. मी विचारलं, यंत्र विभागाने ठरल्या वेळेत काम करावं अशी तुमची अपेक्षा किती? एक ते सात.

“अपेक्षा?” ते हसले. “आमी कोन जी अपेक्षा करनारे? दोन लिवा.”

“आणि प्रत्यक्षात किती मिळतं?”

“आता थे लोक थंडीत बसून आपल्यासाठी करूनच राहिले ना काई तरी. चार लिवा. चार कमी होते काय? पाच लिवा. सात लिवलं तं साहेब चाय पाजन काय?”

“यादी वेळेवर येते का पण?”

“येते नं. मांगच्या महिन्याची परवा आली.”

दोन आणि पाच. अधिक तीन. मी तसंच लिहिलं.

पुढच्या गावी तसंच, त्याच्या पुढच्या गावीही तसंच. आमच्याकडे पाहुण्याने जेवताना भाजी मागून घेणं चांगलं दिसत नाही. जे पानात पडेल ते ‘बेस झालं’ म्हणून खायचं. अपेक्षा सांगणं म्हणजे हावरटपणा. आणि बाहेरून आलेल्या माणसाजवळ घरच्याची निंदा करणं म्हणजे त्याहून वाईट. साहेबांच्या फॉर्मचे दोन्ही रकाने या दोन रीतींवर आपटत होते. डावीकडे लोक लाजून कमी सांगत, उजवीकडे भीड पडून जास्त. जितकं गाव आडवळणी, जितकी यादी उशिरा, तितका आकडा अधिक. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात तर यादी आलीच नव्हती. तिथल्या माणसाने डावीकडे एक सांगितला आणि उजवीकडे तीन. मी विचारलं, तीन कशाबद्दल? तो म्हणाला, “तुमी एवढ्या दूर सायकल हाणत आले, थ्याचे.”

मला राग यायचा. त्यांचा यायचा, हे कबूल करतो. मी त्यांना पत्रकातल्या भाषेत समजवायचो की तुमचा हक्क आहे, बिनधास्त सात म्हणा. ते मान हलवायचे, माझ्यासाठी पोहे भिजवायचे आणि पुन्हा दोन म्हणायचे.

मग शेंडे सिस्टर भेटल्या.

त्यांचं उपकेंद्र म्हणजे कवेलूची एक खोली, बाहेर पडवी. त्या मूळच्या पवनीकडच्या, नवऱ्याची नोकरी तिकडेच आणि या इथे एकट्या. मी फॉर्म काढला. पहिला प्रश्न, विभागाची जागा नीटनेटकी आहे का.

“भाऊ, मी थे खोली पाहिलीच नाई. चांगलीच असन. मले कायले विचारता? मले थेथं राहाले जायचं हाय का?”

दुसरा प्रश्न, विभागातले कर्मचारी सौजन्याने बोलतात का.

“माह्यासंग कोनी बोलतच नाई. बोलन तवा सांगीन.” मग त्यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, टेबलावर ठेवला आणि वर काचेची डबी ठेवली. “हे मंग भरू. आधी एक सांगा, उद्या भंडाऱ्याले जाऊन राहिले का तुमी?”

मी हो म्हटलं.

त्यांनी मला पडवीत नेलं. पडवीच्या कडेला एक बाई वाकळ पांघरून बसली होती. वय वीस-बावीस असेल. पायांना बांदीतला, धानाच्या खाचरातला, चिखल वाळून चिकटला होता, म्हणजे सकाळी कापणीला जाऊन आली होती. तिचा नवरा शेजारी उभा होता, हातात विळा तसाच.

“हे पर्बता,” सिस्टर म्हणाल्या. “हा कवडू. हिची काच जाऊन आठ दिवस झाले. एक दिवस आड करून ताप येते. काल बोलता बोलता आपल्या लेकीचं नाव इसरली. मी मनलं साकोलीच्या दवाखान्यात ने, तं हा मनते कापनी. हिले कोनता ताप हाय थे समजलं तं मी याले धरून धाडीन. नुसतं माह्या सांगन्यानं जात नाई.”

कवडू ओशाळून म्हणाला, “तसं नाई जी. धान जमिनीवर पडून राहिला. कडपा उचलाचा हाय. रक्तात सापडलं असं कागदावर आलं तं मंग कोन थांबते? बैलबंडी हाय ना घरी.”

“कागद पायजे याले,” सिस्टर म्हणाल्या. “बायको दिसत नाई.”

पर्बता वाकळीतून हसली. तिला ऐकू येत होतं सगळं. म्हणाली, “सिस्टरबाई, याले विळा दिसते, बाकी काई दिसत नाई,” आणि पुन्हा कुडकुडू लागली.

सिस्टरनी काचेचा नंबर माझ्या वहीत लिहून दिला. “यादी कुठं अटकली थे पाहा. एवढंच करा. मंग तुमचे सगडे प्रश्न भरून देतो.”

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला होतो. चपला काढून थंड्या खोलीत गेलो. साहेबांनी सांगितलं, तालुक्याचा पूर्ण गठ्ठा आल्याशिवाय माहिती यंत्रात टाकत नाहीत. अर्धवट टाकली की बेरजा चुकतात. चार उपकेंद्रांचे कागद यायचे होते. “सोमवारी छापू. आणि एक लक्षात ठेवा. तुम्ही मोजणारे आहात. मोजणाऱ्याने मोजायच्या वस्तूला हात लावायचा नसतो. नाहीतर मोजमाप बिघडतं.”

हे मला पटलं. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला स्वतःलाच तसं वाटत होतं.

त्याच आवारात मागच्या बाजूला तपासणीची खोली होती. तिथे हटवारकाका बसत. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून लावून एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ पडलेलं. मी नंबर सांगितला. त्यांनी वही उघडली, बोट खाली नेलं, थांबवलं.

“निकाल लागला हाय,” ते म्हणाले. “मंगळवारचाच.”

त्यांनी खिशातून बसचं जुनं तिकीट काढलं, मागे काहीतरी लिहिलं, घडी केली आणि माझ्यापुढे धरलं.

“मले चिठ्ठी द्याले मनाई हाय. एक मेमो भेटला हाय मले. तू आपला घेऊन जा. चारची गाडी भेटन.”

इथे मी जे केलं ते सरळ लिहितो. मी हात पुढे केला नाही.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते मला अजून शब्दशः आठवतं. मला वाटलं, मी ही चिठ्ठी नेली तर सिस्टरला निकाल वेळेवर मिळेल. मग फॉर्मवर त्यांना उशीर झाला असं कसं लिहिता येईल? आजवर एकही उणे आकडा मला मिळाला नव्हता. हा पहिला मिळणार होता. मी चिठ्ठी नेली तर यंत्राचं पाप मी माझ्या खिशात लपवून नेल्यासारखं होईल, आणि एका पर्बतेची सोय होऊन सगळ्या जिल्ह्यातल्या पर्बतांचं नुकसान होईल.

मी म्हणालो, “काका, मी नाही नेत. तो उशीर मले कागदावर पाहिजे.”

काकांनी वही मिटली. “का मनते गा तू?”

“चोरून चिठ्ठ्या नेल्या तं यादी कशी हाय थे कोनाले कळनार? सोमवारी यादी निघूनच राहिली. चार दिवसांची गोष्ट हाय.”

“चार दिवस तुह्यासाठी.” त्यांनी घडी परत खिशात ठेवली नाही, टेबलाच्या कडेवर ठेवली, मला घेता येईल अशी. “तुमी शिकले लोक. मी मनतो, ने गा.”

मी नेली नाही. घडी उघडून वाचलीही नाही. वाचली असती तर नेली असती, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. आता तेही सांगत नाही.

सोमवारी यादी निघाली नाही. एका उपकेंद्राचे कागद कमी होते. मी दुसऱ्या गावांत फॉर्म भरत फिरत होतो आणि माझ्या डोक्यात त्या उणे आकड्याची जुळवाजुळव चालू होती. अहवालात त्यावर कसं बोट ठेवायचं, वाक्य कसं लिहायचं. पुढच्या बुधवारी मी सिस्टरकडे पोहोचलो तेव्हा पडवी रिकामी होती.

पर्बता रविवारी गेली होती. शनिवारी दुपारी बांदीतच पडली, झटके आले. रात्री बैलबंडीत घालून साकोलीच्या रस्त्याला लागले. फाट्यावर पोहोचले तोवर ती संपली होती, म्हणून तिथून परत फिरले. सिस्टरनी हे एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, “यादी कुठं अटकली होती?”

मी गठ्ठ्याचं सांगितलं, बेरजांचं सांगितलं. टेबलाच्या कडेवरच्या घडीचं सांगितलं नाही.

त्यांनी फॉर्म मागितला. खुर्चीत बसून, प्रत्येक प्रश्न वाचून, डावीकडे सात आणि उजवीकडे एक असं शेवटपर्यंत लिहीत गेल्या. जागा नीटनेटकी आहे का, सात आणि एक. कर्मचारी टापटीप आहेत का, सात आणि एक. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पर्बतेचं नाव, काचेचा नंबर, काच कोणत्या दिवशी गेली, ती स्वतः कोणत्या दिवशी गेली, एवढं लिहिलं. सही केली.

मी कवडूकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. आवारात धानाचं पुंजणं रचलेलं होतं, वर शेणाचा टिळा. त्याने मला खाट टाकून दिली, लोटाभर पाणी आणलं. एक लहान मुलगी त्याच्या पायाला धरून होती. त्याने माझ्या काखेतले कागद पाहिले आणि त्याला वाटलं मी त्याचंही लिहून घ्यायला आलो आहे.

“लिवा जी,” तो म्हणाला. “सिस्टरबाईचा काई दोष नाई. सरकारनं रक्त नेलं, तपासलं असन. समदं बराबर झालं. माहीच कापनी आडवी आली.”

त्याने सगळा उणे आकडा स्वतःच्या नावावर घेतला. माझ्या वहीत तेव्हाही त्या काचेचा नंबर होता.

यादी गुरुवारी आली. मी ती पाहिली आहे. सुंदर छापलेली होती. पर्बतेचा नंबर, नाव, गाव, जंतूचा प्रकार आणि शेवटच्या रकान्यात ‘तातडीने दवाखान्यात पाठवावे’. यंत्राने एकही चूक केली नव्हती. बेरजा जुळत होत्या.

महिनाअखेर थंड्या खोलीत फॉर्मांची गोळाबेरीज झाली. मीच केली, गालिच्यावर मांडी घालून. एकूण आकडा अधिक आला. यंत्र विभागाने लोकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त सेवा दिली होती. मी साहेबांपुढे शेंडे सिस्टरांचा फॉर्म वेगळा ठेवला. त्यांनी तो लक्ष देऊन वाचला. मागची बाजूही वाचली.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण यांनी सगळीकडे सात आणि एक लिहिलंय. जागेच्या स्वच्छतेलाही एक. यांनी जागा पाहिलीय का? रागाने भरलेला फॉर्म आहे हा. आणि धरला तरी सरासरीला एका कागदाने काय होतं?”

“मागच्या बाजूचं काय?”

“मागच्या बाजूला रकाना नाहीये.”

मी भांडलो. पत्रकातली होती नव्हती ती सगळी भाषा वापरली. लोक भिडेने दोन सांगतात हे ओरडून सांगितलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलेला, कागदावर दाखवता येईल असा उशीर किती प्रकरणांत आहे?” आणि मी म्हणालो, एक. मला जो उशीर कागदावर हवा होता तो मला मिळाला होता. मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला, थंडीच्या मशीनच्या वाऱ्याने उडू नये म्हणून. पुढच्या हंगामापासून सगळ्या जिल्ह्यात चिठ्ठी बंद झाली.

मी या फॉर्मबद्दल नंतर पुष्कळ विचार केला. तो फॉर्म खोटा नव्हता. माणसाला काय हवं होतं आणि काय मिळालं, यातलं अंतर मोजावं, याहून न्याय्य कल्पना काय असेल? पण ज्याला आयुष्यभर कमीच मागायला शिकवलं आहे त्याच्यासमोर हा फॉर्म धरला की त्याची गरिबीच विभागाचे गुण बनते. जो जितका कमी मागतो, त्याला फसवणारा तितका पास होतो. हे साहेबांना दिसलं नाही, मला दिसलं होतं. पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तरी मी त्या अंतराच्या इतका प्रेमात होतो की ते अंतर पुरेसं मोठं व्हावं म्हणून मी एका बाईला त्यात उभं ठेवलं. साहेबांनी मोजमाप बिघडू नये म्हणून हात लावला नाही आणि मी क्रांती बिघडू नये म्हणून. फाट्यावर परत फिरलेल्या बैलबंडीला या दोन कारणांत काही फरक दिसला असेल असं मला वाटत नाही.

बाबांना मी हे सांगितलं होतं. ते पत्रकवाले, मला वाटलं माझी बाजू समजतील. ते हौदावरून आले होते, हात कोपरापर्यंत वाफेने पांढरे पडलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमी पत्रक वाटाले जाओ तं रस्त्यात कोनी पडला असन तं आधी थ्याले उचलो. पत्रक मंग वाटो.” पुढे त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही.

यंदा कार्तिक लागताना मी तो विषय काढला, कवडूपाशी. आंधळगावला माझी मावशी आहे, तिच्याकडे दोन दिवस राहिलो आणि तिथून सरळ बस धरून निघालो, कारण आणखी एक दिवस थांबलो असतो तर गेलो नसतो. तो बांदीत होता. मुलगी आता मोठी झाली आहे, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून कांदा-भाकरीचं फडकं सोडत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. हटवारकाका, तिकिटामागची घडी, चार दिवस, मी काय बोललो ते. काही गाळलं नाही.

कवडूने पेंढी बांधता बांधता ऐकलं. गाठ मारली, पेंढी बाजूला टाकली. मला वाटलं तो विळा उचलेल. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे खरं आहे.

“घडी टेबलावरच होती?” त्याने विचारलं.

“हो.”

“वाचली नाई तुमी?”

“नाही.”

त्याने पुढची पेंढी ओढून घेतली. मग म्हणाला, “आता आनत असता का?”

मला कळलं नाही. तो म्हणाला, “तुमी भंडाऱ्याले जात असता ना मधीमधी. आमच्या गावात आताही चार जनाईच्या काचा गेल्या हायेत. थ्याईचे नंबर सिस्टरबाईकडे हायेत. आनून देत असता का?”

मी मान खाली घालून नाही म्हणालो.

“मंग आनत जा,” तो म्हणाला. “माह्याजवळ येऊन रडू नका. आनत जा.”

शेंडे सिस्टरांची बदली झाली आहे, नव्या सिस्टर आहेत. त्यांनी मला चार नंबर लिहून दिले. हटवारकाका निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक तरुण बाई आहे. ती आधी नाही म्हणाली, मग वही माझ्याकडे फिरवून ठेवून पाणी प्यायला उठून गेली. मी चारही उतरवून घेतले. त्यांत दोन सापडलेले होते. त्याच दिवशी दुपारच्या गाडीने फाट्यावर उतरलो. त्या दोघांची नावं इथे लिहीत नाही, पण दोघंही आज कापणीला आहेत. छापील यादी त्यानंतर बारा दिवसांनी आली. ती वेळेवर यावी म्हणून अर्ज, पत्रकं, मोर्चा, जे जे करायचं ते करूच. पण ते करेपर्यंत काचा पडून राहतात.

म्हणून हे वाचणाऱ्यांकडे माझं एक काम आहे. उद्या सकाळी तुमच्या गावच्या उपकेंद्रात जा. मागच्या पंधरा दिवसांत कुणाकुणाच्या बोटातून रक्त घेतलं ते विचारा आणि त्यांचे नंबर एका कागदावर उतरवून घ्या. मग गावातून जो कुणी भंडाऱ्याला निघाला असेल, कोर्टात, बाजारात, पोरगी पाहायला, कशालाही, त्याच्या खिशात तो कागद घाला आणि तपासणीच्या खोलीचा रस्ता त्याला नीट समजावून सांगा. कुणी निघालं नसेल तर तुम्ही निघा.